नळाशेजारची जागा

माझे व्याही आयुष्यभर मासेमारीच्या बोटीवर होते. मी दुकानात कापड मोजलं. मला पोहताही येत नाही. त्यामुळे त्यांच्याविषयी लिहायचा मला अधिकार किती, कोण जाणे. पण त्या दिवशी मी सोबत होतो, एवढं खरं.

समुद्राकाठी मासे डबाबंद करायचा कारखाना होता. बंद पडून बरीच वर्षं झाली. व्याही तिथे मासे उतरवत. पायऱ्यांना बोट लावायची, भिंतीतल्या चौकोनी खिडकीतून पेट्या आत सरकवायच्या, की काम संपलं. स्वच्छतेचा नियम म्हणून बोटवाल्यांना आत पाऊल टाकायला बंदी. आत मासे साफ करणाऱ्या बायकांत विहीणबाई होत्या.

घरी आल्यावर त्या नवऱ्याचा दिवस नवऱ्यालाच ऐकवत. "आज चपला न घालताच उतरलात." "पुन्हा सिगारेट ओढलीत ना? पायाखाली चिरडली तरी मला कळतं." कसं कळतं म्हणून विचारलं की हसून म्हणत, "माझी जागाच तशी आहे. नळाशेजारची." पण समुद्राकडे ती एकच खिडकी, आणि तिथे मुकादम ठाण मांडून बसलेला. तेव्हा व्याह्यांनी ठरवून टाकलं, की चुगल्या करतो तो बोटीवरचा आपला धाकटा भाऊच. त्याला नाव पडलं 'रेडिओ'. भाऊ शपथा घेऊन थकला. धक्क्यावर तो आला की माणसं बोलणं आवरतं घ्यायची.

विहीणबाई गेल्या, गुपितही गेलं. परवा व्याही म्हणाले, "व्याही, एकदा आत शिरून बघायचंय. आता कोण अडवतंय?"

जमिनीकडची वाट काटेरी झुडपांनी बुजलेली. जायचं तर बोटीनेच, आणि बोट रेडिओची.

"बातम्या सुरू करू का?" इंजिनाची दोरी ओढत तो म्हणाला. "आज निकाल लावूनच येऊ, दादा."

खिडकीची फळी कुजली होती. वाकून आत गेलो. छप्पर अर्धं उडालेलं, फरशीवर उन्हाचे पट्टे. गंजून एकमेकांना चिकटलेले डबे, माणूस मावेल एवढं वाफेचं पिंप, पिंपात कबुतराचं घरटं. माशांचा वास येईल असं वाटलं होतं, आला शेवाळाचा. व्याही दिसेल ते चाक फिरवून बघत होते.

"म्हणजे मासा इथून जायचा! आणि इथे झाकण बसायचं!"

मी मान डोलावत होतो. मलाही तेवढंच कळत होतं.

शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात नळ सापडला. शेजारी सिमेंटची बुटकी बैठक. व्याही तिथे उभे राहिले. समोर कोरी भिंत.

"बघ," ते भावाला म्हणाले, "इथून काय दिसतं? डोंबल!"

मला मध्ये बोलायची सवय नाही, तरी तोंडातून निघून गेलं, "त्या उभ्याने काम करायच्या का?"

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गुडघे धरत बैठकीवर बसले. मासे साफ करायला वाकावं तसे वाकले आणि तसेच राहिले. भिंतीच्या तळाशी सांडपाण्याचं भोक होतं, विटेएवढं. त्यातून उजेड येत होता.

"तुम्ही दोघं पायऱ्यांवर जा बरं."

आम्ही गेलो. भोक बाहेरून घोट्याच्या उंचीला होतं. कारखाना चालू असताना त्यातून सतत घाण पाणी वाहायचं. त्यात कोण कशाला डोकावेल?

"व्याही," आतून आवाज आला, "डाव्या बुटाची नाडी सुटलीय."

मी बांधायला वाकलो, तर भोकात व्याह्यांचा डोळा.

"आणि माझं काय?" रेडिओने विचारलं.

"तुझी चप्पल तारेने शिवलेली आहे." मग थांबून, "तिला नुसते पाय दिसायचे रे. म्हणून चपला, म्हणून सिगारेट. तोंडं दिसतच नव्हती."

रेडिओ खाली बसला. भोकाशी तोंड नेऊन म्हणाला, "मग चुगल्या कोण करत होतं?"

व्याही बाहेर आले ते भावाचा खांदा धरूनच बोटीत उतरले.

धक्क्यावर जाळी दुरुस्त करत बसलेल्यांपैकी एकाने हाक दिली, "काय रेडिओ, कुठे दौरा?"

"त्याला नावाने हाक मार," व्याही म्हणाले. "रेडिओ आमची ही होती."