रत्नागिरीला काय करायचं नाही

समोरच्यानं मोबाईल पुढं केला, की भाऊ त्याच्या स्क्रीनवर आपला तळहात ठेवत. मोबाईलवर रत्नागिरीच्या आसपासची बघण्यासारखी ठिकाणं ओळीनं दिसत असत. गणपतीपुळे, पावस, जयगड, आरे-वारे, थिबा पॅलेस. ती सगळी त्या तळहाताखाली जात. मग ते म्हणत, "बघायचं काय ते मागनं. आधी तिथं जाऊन करायचं काय न्हाई, ते ठरवा."

संगमनेरच्या बसस्थानकामागे त्यांचा गाळा होता. त्याला लागूनच आमच्या दैनिकाचं तालुका कार्यालय. मधली भिंत प्लायवूडची असल्यानं हे वाक्य मी कितीदा ऐकलं, याची गणती नाही. ऐकणाऱ्याची पहिली प्रतिक्रिया मात्र ठरलेली असे. तो म्हणे, "म्हंजी? एवढ्या लांब जायचं ते झोपायला?"

"व्हय," ते म्हणत. "झोपायलाच."

सगळे त्यांना भाऊ म्हणत. आपल्या भागात लोक फिरायला कसे जातात, हे तुम्हालाही माहीत आहे. गाडी पहाटे निघते, दोन दिवसांत सात देव आणि तीन किल्ले होतात, आणि घरी आल्यावर माणूस दोन दिवस अंग धरून बसतो. भाऊ हा धंदा करत नसत. ते एकच गोष्ट विकत. रत्नागिरी शहरात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक खोली, चार दिवसांचा मुक्काम आणि रोज एकच काम. एका सकाळी मिरकरवाड्याला होड्या येताना बघायच्या, एका संध्याकाळी भाट्याच्या पुलावर उभं राहायचं, एक दिवस एसटीनं आरे-वारेला जाऊन यायचं. एक दिवस तर पूर्ण मोकळा. गिऱ्हाईक घाबरायचं ते याच दिवसाला.

आधी ते टूरिस्ट गाडीवर ड्रायव्हर होते. गाडी का सोडली, हे त्यांनी मला एकदा चहा पिताना सांगितलं. एका पार्टीला घेऊन ते भाट्याच्या किनाऱ्यावर पोहोचले. गाडी वाळूच्या कडेला उभी केली, मागं वळून पाहिलं, तर सगळी गाडी झोपलेली. ते ओरडले, "उठा, समुद्र आला." पुढच्या सीटवरच्या माणसानं एक डोळा उघडला, आपला मोबाईल त्यांच्या हातात दिला आणि म्हणाला, "दोन फोटो काढून घ्या, भाऊ." आणि परत झोपला.

"मग काढले का?" मी विचारलं.

"काढले ना. चांगले आलते. त्यो अजून लोकास्नी दावतो."

गिऱ्हाइकांना विश्रांती शिकवणं सोपं नव्हतं. श्रीगोंद्याच्या एका ऊस बागायतदाराचं कुटुंब त्यांनी पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गृहस्थांचा फोन. मोबाईल स्पीकरवर होता, त्यामुळे भिंतीपलीकडे मलाही ऐकू आलं. "भाऊ, समुद्र बघून झाला. आता काय?"

"परत बघा," भाऊ म्हणाले.

"तोच?"

"तोच. भरती-ओहोटी असती त्याला. सकाळचा तो संध्याकाळी नसतो."

त्या गृहस्थांनी तासाभरात जीप ठरवली आणि गणपतीपुळ्यासकट सगळं एका दमात उरकलं. परत आल्यावर ते गाळ्यात आभार मानायला आले. भाऊंनी त्यांना चहा दिला आणि पुढच्या वर्षी दुसरा कोणीतरी बघा, असं शांतपणे सांगितलं.

दुसरं एक कुटुंब शेगडी, तवा आणि बाजरीचं पीठ घेऊन गेलं होतं. घरातल्या बाईनं मुक्कामाच्या अंगणात भाकरी थापल्या, घरमालकांनाही वाढल्या. मालकांना त्या इतक्या आवडल्या, की ती चारही दिवस सकाळी त्यांच्या घरच्यांसाठी भाकरी करत होती. तेव्हापासून गिऱ्हाईक निघताना भाऊ त्याच्या पिशव्या हातानं चाचपत. शेगडी सापडली तर ठेवून घेत. त्यांच्या टेबलाखाली मी एका वेळी तीन शेगड्या पाहिल्या आहेत.

हे सगळं गमतीचं होतं. एक गोष्ट मात्र गमतीची नव्हती. ज्या माणसानं जिल्ह्यातल्या एवढ्या लोकांना विश्रांतीला धाडलं, त्याची बायको लग्न झाल्यापासून गोठा सोडून एक दिवस कुठे गेली नव्हती.

माझं घर त्यांच्याच रस्त्यावर, गावाबाहेर, प्रवरेच्या बाजूला. संध्याकाळचं दूध मी त्यांच्या गोठ्यावरून नेत असे. चार गाई होत्या. भाऊंनी वहिनींच्या हातांना आराम म्हणून धार काढण्याचं मशीन आणलं. तीन गाईंनी ते मान्य केलं. चौथी, चंद्री, मशीन दिसलं की लाथ झाडायची. वहिनी तिची धार हातानं काढत, आणि बाकीच्या तिघींचीही मशीननंतर एकदा हातानं काढत. मशीन काय ठेवून घेतं आणि काय सोडतं, यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"जगाला झोपवायला निघालेत," वहिनी मला म्हणायच्या, "आन् घरातली बाई पहाटं उठती ती कुनाच्या जिवावर?"

"तू चल म्हनतो तर येती का?" भाऊ म्हणत.

ते दर वर्षी चल म्हणत. एका वर्षी गाय विणार होती. एका वर्षी साथ होती. एका वर्षी काहीच नव्हतं, तर वहिनी म्हणाल्या, "मी गेले तर चंद्री पान्हा चोरंल." दूध सडात असूनही गाय ते परक्या हाताला सोडत नाही, याला पान्हा चोरणं म्हणतात. असं काही वेळा झालं, की गाय आटते. वहिनींची भीती खोटी नव्हती. म्हणून तिच्यापुढं भाऊंचं काही चालत नसे.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी वहिनींनी माझ्यापुढं चहाचा कप धरला आणि तो त्यांच्या हातातून सुटला. त्यांनी कपाकडे पाहिलं नाही, बोटांकडे पाहिलं. बोटं कधीपासून बधिर होत होती, हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी मनगटं तपासली आणि हातांना काही दिवस पूर्ण विश्रांती द्या, म्हणून सांगितलं. मुंग्या थांबल्या तर ठीक, नाहीतर शस्त्रक्रिया. घरी राहून ही विश्रांती होणार नाही, हे डॉक्टरांनाही कळत होतं. ते शेतकऱ्याच्या घरातलेच होते.

भाऊंनी आठ दिवसांचा बेत आखला. दोघांचा. वहिनींच्या हातांना काम पडू नये म्हणून मिरजगावची त्यांची बहीणही सोबत येणार होती. शेजारची एक बाई सकाळ-संध्याकाळ धार काढणार होती. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ती सवयीसाठी म्हणून चंद्रीच्या खाली बसली. चंद्रीनं धारेची कासंडी उडवली आणि बाईंच्या गुडघ्यावर लाथ घातली. दूध थेंबभर आलं नाही.

सकाळी गाडी दारात आली. मी त्यांना निरोप द्यायला गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची पिशवी गाडीतून काढून त्यांनी शेजारी ठेवली होती.

"मी न्हाई जात," त्या म्हणाल्या.

बहीण गाडीत बसून होती. ती काचेतून म्हणाली, "आक्का, गाय हाय का सासू हाय ती?"

कोणी हसलं नाही. भाऊंनी डिकी उघडली, आपली पिशवी काढली आणि वहिनींची आत ठेवली.

"तू जा. मी ऱ्हातो."

"तुमाला जमंल व्हय?"

"न जमाया काय झालं? तिला चार सड हायेत, मला दोन हात हायेत."

"आन् समुद्र?"

"मी बगितलाय."

त्यांनी तो गाडीच्या काचेतून पाहिला होता, एवढं मला माहीत होतं.

वहिनी बसल्यावर भाऊंनी खिडकीशी वाकून नियम सांगितले. "भाकरी करायची न्हाई. धुनं धुवायचं न्हाई. हात पान्यात घालायचा तर समुद्राच्या. आन् फोन करायचा न्हाई."

शेवटचा नियम त्याच संध्याकाळी मोडला. मी गोठ्यावर होतो. चंद्रीच्या खाली बसून भाऊ घामाघूम झाले होते आणि कासंडीचा तळ कोरडा होता. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकून गव्हाणीच्या कठड्यावर ठेवला.

"चंद्रीला खायला आंबोण भिजवलं का?"

"भिजवलं."

"तिची पाठ थोपटली का? धार काढताना बोलत ऱ्हावं लागतं तिच्याशी."

"काय बोलू?"

"सोड गं चंद्रे. सोड बाई."

हे वाक्य फोनमधून आलं आणि चंद्रीनं कान फिरवले. पुढच्याच क्षणी कासंडीत धार वाजली. भाऊंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. वहिनी तिकडून बोलत राहिल्या, धार संपेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, संध्याकाळी तेच. धारेची वेळ झाली, की रत्नागिरीहून फोन. वहिनी पहाटे गोठ्याच्या वेळेलाच उठत होत्या, हे बहिणीनं फोनवर सांगितलं. आरे-वारेचा दिवस त्यांनी रद्द केला, कारण संध्याकाळी एसटीत फोनला रेंज मिळाली नसती तर काय.

भाऊ कासंडीवर फडकं बांधत म्हणाले, "पत्रकार, ती गेलीच न्हाई. नुस्तं अंग गेलंय."

तसं पाहिलं तर सगळं सुरळीत होतं. गाय दूध देत होती, फोन वेळेवर येत होता. पण हातांना विश्रांती म्हणजे काय, हे भाऊंना डॉक्टरांपेक्षा वेगळं कळत होतं. हात समुद्रावर ठेवून मन गोठ्यात ठेवलं, तर परत आल्यावर पहिल्या दिवशीच ती चंद्रीच्या खाली बसेल, असं ते म्हणाले. मला ते पटलं.

डेअरीवरच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना तोडगा सांगितला. जुनाच आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. धार काढणाऱ्या बाईचं रोजचं लुगडं अंगावर घेऊन बसायचं. गाय डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त चालते.

तिसऱ्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा भाऊंनी पँट-शर्टावर वहिनींची गोठ्यातली साडी गुंडाळली होती. निऱ्या जमल्या नव्हत्या, त्या त्यांनी पट्ट्यात खोचल्या होत्या. पदर डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली धरला होता. मिशी मोठी असल्यानं तो चेहरा विसरणं मला अवघड आहे. पण ते स्वतः अजिबात हसत नव्हते, आणि त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

तिन्ही गाईंची धार झाली. मग मोबाईल गव्हाणीच्या कठड्यावर ठेवून ते चंद्रीजवळ उभे राहिले. वेळ झाली. फोन वाजला नाही. चंद्रीनं मान वळवून पदर हुंगला. मी म्हणालो, "लावू का मी?"

"नको."

"रेंज नसेल."

"तिथं रेंज भरपूर हाय. म्या बघूनच खोली घेतलीय."

ते बसले. सडांना हात लावला. चंद्रीनं पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरला. भाऊ थांबले. मग त्यांनी कपाळ तिच्या कुशीला टेकवलं आणि बारीक आवाजात, वहिनी काढत तसा हेल काढून म्हणाले, "सोड गं चंद्रे. सोड बाई. ती निजलीय. निजू दे तिला."

पाय खाली आला. आधी एक-दोन कोरडे हिसके झाले, मग कासंडीत धार वाजू लागली. सुरुवातीला तुटक, नंतर सलग. फोन गव्हाणीवर तसाच पडून होता. मधे एकदा त्याची स्क्रीन उजळली, मी वाकून पाहिलं, तर रिचार्जचा मेसेज होता. तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि हात थांबवले नाहीत.

दूध रोजच्यापेक्षा थोडं कमी भरलं. त्यांनी कॅन स्कूटरच्या पुढच्या बाजूला ठेवला आणि साडी न सोडताच गाडी सुरू केली. मला वाटतं, ती अंगावर आहे हे ते विसरले होते. मीही माझी किटली घेऊन मागोमाग डेअरीपर्यंत गेलो. रांगेतली माणसं आधी बघत राहिली, मग हसू लागली. कोणीतरी पदराला हात लावला.

"काय भाऊ, वैनी आल्या न्हाईत वाटतं अजून?"

"न्हाई," भाऊ म्हणाले. त्यांनी कॅन उचलून काट्यावर ठेवला, पदर खांद्यावर नीट घेतला आणि पोरगी पास झाल्याचं सांगावं तशा आवाजात रांगेला सांगितलं, "आज फोनबी आला न्हाई."