श्रावणातले मांसाहारी पाहुणे

आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. अशा घरात एका श्रावणात मांसाहारी गोगलगायींचं एक अख्खं कुटुंब मुक्कामाला होतं, आणि त्यांच्या जेवणाखाण्याची जबाबदारी माझ्यावर होती.

मुळात गोगलगाय हा आमच्या बेंबळी भागात प्रेमाचा विषय नाही. सोयाबीन दोन पानांवर आलं, की शंखी गोगलगायी अशा तुटून पडतात, जणू पंगतीचं आवतण आम्हीच दिलंय! मग सकाळी सगळं गाव मिठाच्या पाण्याची बादली घेऊन रानात. आणि आमची लेक केतकी प्राणिशास्त्रात एम. एस्सी. करते, तर तिचा प्रकल्प कशावर? गोगलगायींवर!

"सगळं गाव मीठ घेऊन मागं लागलंय," आमचे हे म्हणाले, "आन आपली लेक पाळायली!"

केतकीला त्या आमच्याच पिठाच्या गिरणीमागं, ओल्या दगडांखाली सापडल्या होत्या. हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या, शंख काचेसारखा पांढुरका आणि अंग शेंदरी. तिनं एका बरणीत ओली माती आणि पाला घातला, त्यात त्यांना ठेवलं, वर फडकं बांधलं. पुढच्या सोमवारी बाहेरगावचे सर कॉलेजात प्रकल्प तपासायला येणार होते आणि त्यांना या गोगलगायी जिवंत दाखवायच्या होत्या. मेल्या, तर वर्षभराची मेहनत पाण्यात. नेमकी मधल्या आठवड्यात तिची पुण्याला दुसरी परीक्षा निघाली, आणि बरणी माझ्या गळ्यात पडली.

आता माझा स्वभाव सांगायला हवा. गिरणीवर दिवसभर माणसं असतात. "वहिनी, बारीक—" म्हणेपर्यंत माझं दळण सुरू झालेलं असतं. पूर्ण वाक्य ऐकायला वेळ कुणाला आहे? केतकी एसटीच्या खिडकीतून ओरडत होती, "आई, नीट ऐक, ह्या साध्या गोगलगायी नाहीत, ह्यांना खायला—"

"समजलं, समजलं! तुला वाढवलं, ह्यांचं काय घेऊन बसलीस?"

"अगं आई, पण—"

एसटी गेली. परीक्षा होईपर्यंत फोन बंद ठेवणार, हे तिनं आधीच सांगितलं होतं. (ते मात्र मी पूर्ण ऐकलं होतं.)

पहिल्या दिवशी मी काकडीचे पातळ काप दिले. ढुंकून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी कोवळी मेथी. नाही. मग कोथिंबीर, दोडक्याची साल, भिजवलेली मुगाची डाळ. माझ्या नवऱ्याला कधी इतके पर्याय मिळाले नाहीत!

"कामून खाईनात गं?" आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. गळ्यात माळ, मुंगीवर पाय पडला तरी हात जोडणाऱ्या.

"नखरे आहेत, आत्या. शहरात शिकणाऱ्या पोरीच्या गोगलगायी, दुसरं काय!"

आत्यांनी चष्मा लावून बरणीत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "सुनंदा, अंगाला शेंदूर लावल्यावानी हाय बघ. अन् श्रावण चालू हाय. उपास धरल्यात त्या."

मी हसले. पण माझ्या मागं दळणाचा डबा घेऊन सुमनबाई उभ्या होत्या. गावात मोबाइलला रेंज कधी असते, कधी नसते; सुमनबाईंना कायम असते! संध्याकाळपर्यंत बायका ज्वारीच्या चार दाण्यांचं निमित्त करून गिरणीवर यायला लागल्या. "उपास करणाऱ्या गोगलगायी इथंच हायत का?" बरणीच्या फडक्यावर कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. एकीनं साबुदाण्याची खिचडी ठेवली. आमचे हे जेवायला आले, तर देवघराजवळच्या फळीवर बरणी, तिच्यापुढं उदबत्ती! हातातली मिठाच्या पाण्याची बादली तेवढी त्यांनी पाठीमागं लपवली.

मला मात्र घोर लागला होता. देव असोत नाहीतर दानव, सोमवारपर्यंत त्या जिवंत राहायला हव्या होत्या. दिवसेंदिवस त्या मलूल व्हायला लागल्या. दोन-तीन तर शंखातून डोकंच बाहेर काढीनात. आणि मग मला माझा हुकमी इलाज आठवला.

केतकी लहानपणी जेवायची नाही. घास तोंडात धरून बसायची. तेव्हा मी शेजारचं एक खादाड पोर तिच्या शेजारी बसवायची. ते भाकरीवर तुटून पडलं, की ही पण ईर्ष्येनं जेवायची. गल्लीतली निम्मी पोरं मी अशीच जेवायला शिकवली आहेत! मग गोगलगायींना वेगळा नियम कशाला?

अंगणात गौरीसाठी लावलेल्या झेंडूच्या वाफ्यात शंखी गोगलगायींची बारकी पिल्लं सुटली होती. दिवसरात्र पानं कुरतडायची. मी त्यातली चांगली खाती-पिती चार-पाच वेचली, बरणीत सोडली आणि बजावलं, "ह्यांना जरा शिकवा जेवायला."

सकाळी बघते, तर काय चमत्कार! आमच्या गोगलगायी टवटवीत. बरणीच्या काचेवर फिरायल्यात, शिंगं ताणून, शेंदरी अंग चमकवत! मी टाळी वाजवली.

"बघा आत्या! संगत! संगत लागते!"

"अन् मास्तर कुठं गेले?" आत्यांनी विचारलं.

मास्तर नव्हते. मातीवर त्यांचे रिकामे शंख पडले होते, धुऊन पुसून ठेवल्यासारखे स्वच्छ. काकडी होती तशीच.

"निघून गेले असतील," मी म्हणाले.

"शंख काढून ठेवून?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, म्हणून मी आणखी मास्तर आणून सोडले. (मी कामाची बाई आहे. उत्तर नसलं की काम करते.)

त्याच दुपारी सुमनबाई चार बायकांना घेऊन दर्शनाला आल्या. एकीच्या हातात गूळ, एकीच्या हातात फुलं. सगळ्या बरणीवर वाकल्या. आमची एक शेंदरी उपासकरी एका मास्तराच्या शंखात मानेपर्यंत शिरली होती. मास्तर अर्धा शिल्लक होता.

"अगं बया! हे काय करायली?"

"गळाभेट घ्यायली," मी म्हणाले.

आणि फोन वाजला. केतकी! परीक्षा संपली होती.

"आई, खातायत ना व्यवस्थित?"

"खातायत की! काकडी, मेथी, मुगाची डाळ..."

पलीकडून किंकाळी. मोबाइल माझ्या कानाला होता, पण ऐकलं सगळ्या गिरणीनं. "आई! त्या मांसाहारी आहेत! दुसऱ्या गोगलगायी खातात त्या! एसटीतून तेच सांगत होते मी!"

गूळवाल्या बाईनं गूळ परत पदरात बांधला. सुमनबाई तर डबा तिथंच ठेवून निघाल्या, आणि त्या दिवशी त्यांचा वेग बघता गाव अर्ध्या तासाच्या आत शहाणं झालं असणार! आत्या मात्र जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी उदबत्ती विझवली. फडक्यावरचं हळदकुंकू पदरानं पुसलं. आणि म्हणाल्या, "देवघरापासून लांब ठिव."

एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी बरणी गिरणीच्या ओट्यावर नेऊन ठेवली. आता ह्यांना रोज खाऊ कसं घालायचं? श्रावणात, माळकरी सासूच्या डोळ्यांदेखत, मी जीव वेचून वेचून मारायला देणार? आणि नाही द्यावं, तर पोरीचं वर्ष जाणार! आमच्या ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "तुमचं तुमी बघा. म्या मिठाच्या खात्यात हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर बरणी नाही!

आत्यांनी विहिरीत टाकली? ओढ्यात सोडली? मी गिरणी चालू ठेवून धावले. (ज्यांचं दळण होतं, त्यांचा रवा पार मैदा झाला. ते वेगळं प्रकरण आहे.) घराला वळसा घालून अंगणात आले आणि थबकले.

झेंडूच्या वाफ्यात आत्या उकिडव्या बसल्या होत्या. मांडीत बरणी. पानाखालचं एकेक बारकं पिल्लू दोन बोटांत अलगद धरायच्या, डोळे मिटायच्या आणि आत सोडायच्या.

"जा बाबा. माफ कर."

"आत्या! श्रावण आहे..."

"मला ठावं हाय श्रावण हाय." आत्यांनी मान वर केली नाही. "म्या काय चारायली का त्यांना? म्या झेंडूवरचं काढायली अन् इथं ठेवायली. पुढं त्यांचं ते बघतील. त्यांना दात देवानं दिल्यात, म्या न्हाय दिले."

"पण तुमची माळ..."

"माळ हाय म्हणूनच. पोरीनं वर्षभर जीव लावला अन् आपल्या घरात येऊन उपाशी मेल्या, तर ते पाप कुठं ठिवू? अन् तू त्यांना काकडीवर आठवडा काढायला लावलास, ते काय पुण्य व्हतं?"

मी खाली बसले आणि पानं उलटायला लागले. आत्या सोडत होत्या, मी वेचत होते. तीस वर्षं एका घरात राहतोय, पण इतकं मुकाट्यानं आम्ही दोघी शेजारी बसल्याचं मला आठवत नाही. मला फार, फार बरं वाटलं. अर्थात तसं मी बोलले नाही. म्हणाले, "आत्या, गुडघे दुखतील, पाट आणू का?"

"आण," त्या म्हणाल्या. "अन् गिरणी बंद कर. जळाल्याचा वास यायलाय."

सोमवारी केतकीनं बरणी कॉलेजात नेली, तेव्हा गोगलगायी ठणठणीत होत्या. बाहेरगावच्या सरांनी विचारलं, "घरी यांना खाद्य कुणी पुरवलं?" केतकी म्हणाली, "आजीनं." सर म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांगा. केतकीनं तो फोनवर सांगितला, तेव्हा आत्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि देवघरात जाऊन बसल्या. तिकडं काय बोलणं झालं, ते देव आणि त्याच जाणोत. परीक्षा झाल्यावर आम्ही सगळ्या गोगलगायी गिरणीमागच्या दगडांखाली नेऊन सोडल्या. आमचे हे तिथं आता मिठाची बादली नेत नाहीत. आणि गौरीला त्या वर्षी घरचा झेंडू निघाला, एकही फूल कुरतडलेलं नाही! श्रेय गोगलगायींचं की आत्यांच्या दोन बोटांचं, ते मला सांगता येणार नाही. मी दोघांनाही हात जोडले.

माझ्या इलाजावर मात्र गाव अजून हसतं. मी मानत नाही. न जेवणाऱ्याच्या शेजारी जेवणारा बसवावा, म्हणजे तो पोटभर जेवतो, ही माझी पद्धत शंभर टक्के खरी ठरली. शेजारी बसवलेला पंगतीला आलाय की ताटात, एवढंच विचारायचं राहून गेलं!