शॅपच्या उतारावर सिरिलने लॉरी थांबवली

सिरिल एंटविसल चिडला की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. पाना जागेवर नसला तरी ओरडायचा, चहा कोमट असला तरी ओरडायचा. आम्ही हसून सोडून द्यायचो. पण त्या वसंतात तो जो चिडला, तो एक शब्दही न ओरडता. ते मात्र कोणाला सोडून देता आलं नाही.

हॅस्लिंगडन गावाच्या बाहेर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या मागे आमच्या क्लबची शेड आहे. भंगारात निघालेल्या जुन्या लॉऱ्या आणायच्या, खोलायच्या आणि पुन्हा रस्त्यावर आणायच्या, हा आमचा नाद. सीटा आणि केबिनचं अस्तर शिवायचं काम माझ्याकडे. एकदा एका शेतात आम्हाला आठ चाकांची फोडन कंपनीची लॉरी सापडली. काटेरी झुडपांनी वेढलेली, केबिनमध्ये कोंबड्यांची घरटी. दारावर खरवडून पाहिलं तर नाव निघालं: स्कार्थवेट ब्रदर्स. त्या कंपनीचा एक जुना ड्रायव्हर गावातच राहतो असं कळलं, आणि असा सिरिल आमच्यात आला.

लॉरीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "हीच. हिच्यावर माझी जवानी गेली. ब्रेकला कोणी हात लावायचा नाही. ते मी करणार."

दोन हिवाळे तो राबला. चाकं उतरवली, लायनर नवे बसवले, नळ्या बदलल्या, आणि पुन्हा सगळं उघडून तपासलं. बाकीचे जुन्या आठवणी काढत बसायचे.

"काय दिवस होते रे ते! मोकळे रस्ते, ढाब्यावरचा चहा, गरम पाव..."

"कसले दिवस?" सिरिल तिथूनच ओरडायचा. "हीटर नव्हता. गुडघ्यांवर पोतं घेऊन ग्लासगोपर्यंत जायचो आम्ही. मालक घरात शेकत बसायचा. तुम्हाला आठवतोय तो रंग. मला थंडी आठवते."

आम्हाला वाटायचं, म्हातारा कुरकुऱ्या आहे. डेनिसबद्दल तो कधी बोललाच नव्हता.

डेनिस रॉथवेल त्याचा जोडीदार. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले, दोघांच्या लॉऱ्याही जुळ्या. एकसष्टच्या हिवाळ्यात डेनिसच्या लॉरीचे ब्रेक धरेनासे झाले. तो मालकाकडे गेला. मालक म्हणाला, "घाटात गिअर वापर की. ब्रेकवर नाचतोस कशाला?" पुढच्याच खेपेला शॅप घाटाच्या उतारावर लॉरी सुटली आणि वळणावरच्या दगडी भिंतीत घुसली. डेनिस जागीच गेला. चौकशीत मालकाने सांगितलं की पोरगा बेफाम चालवायचा. सिरिल उभा राहिला, ब्रेकचं सगळं बोलला. त्याला विचारलं गेलं, "तुम्ही त्या लॉरीत होतात का?" तो नव्हता. डेनिसच्या माथी दोष बसला. त्याच्या बायकोला, ऑड्रीला, भरपाईचं काही मिळालं नाही. सिरिलला कामावरून काढलं.

हे आम्हाला कळलं ते एका फलकामुळे.

फोडन तयार झाली होती. हिरवा रंग, सोनेरी अक्षरं. टायर आणि रंग स्कार्थवेटांच्या नातवाने, सायमनने दिले होते. शॅपवरून जुन्या लॉऱ्यांची मिरवणूक निघायची होती आणि लॉरीसोबत ठेवायला त्याने एक फलकही लिहून पाठवला होता. क्लबचा अध्यक्ष ग्रॅहम मोठ्याने वाचू लागला: कंपनीचा इतिहास, सचोटी, शिस्त. आणि खाली, "एका चालकाच्या निष्काळजीपणामुळे झालेला अपघात वगळता कंपनीच्या लौकिकाला कधीही डाग लागला नाही."

सिरिलने हातातलं फडकं खाली ठेवलं. सगळी हकीकत सांगितली, हळू आवाजात, आमच्याकडे न बघता. मग म्हणाला, "ते वाक्य काढा."

ग्रॅहम चुळबुळला. "अरे, त्यांनी एवढं दिलंय. आता कुठे जुनं उकरून काढतोस?"

"मी उकरलं? वाचतोयस तू!"

वाक्य काही निघालं नाही. सिरिल घरी गेला. आम्हाला वाटलं, परत यायचा नाही. पण मिरवणुकीच्या सकाळी तो हजर होता, टोपी घालून. ती लॉरी घाटातून नेणं दुसऱ्या कोणाला जमलंही नसतं. सायमन त्याच्या शेजारी बसला. मी मागच्या लॉरीत.

चढ छान पार पडला. रस्त्याकडेला माणसं हात हलवत होती. उतार लागला आणि त्या वळणावर, भिंतीला लागून, सिरिलने लॉरी थांबवली. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली. मागे सगळी रांग थांबली.

"खाली उतर," तो सायमनला म्हणाला. "इथे मेला तो. तुझ्या फलकातला निष्काळजी माणूस."

"हे पहा, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता," सायमन म्हणाला.

"जन्म नव्हता, पण वाक्य तुझंच आहे ना? आजोबाने खोटं सांगितलं ते धंदा वाचवायला. तू कशाला सांगतोस? शोभेला?"

ग्रॅहम धावत आला. "सिरिल, तमाशा करू नकोस! रस्ता अडलाय!"

"अडू दे."

तेवढ्यात मागच्या एका लॉरीतून कार्लाइलचा बर्ट उतरला. आयुष्यभर लॉऱ्या चालवलेला, फारसं न बोलणारा. तो भिंतीपाशी आला आणि सायमनला म्हणाला, "मीही तुमच्याकडे होतो. माझेही ब्रेक धरत नव्हते. पोरं लहान होती, म्हणून चौकशीला तोंड बंद ठेवलं. आज ठेवणार नाही." मागे एकेक इंजिन बंद होत गेलं. घाटात फक्त वारा राहिला.

सायमनचा चेहरा लाल झाला. "माझ्या वकिलांशी बोला," म्हणाला, आणि आमच्यामागून ड्रायव्हरने आणलेल्या स्वतःच्या गाडीत बसून निघून गेला. माफी नाही, काही नाही. सिरिलने लॉरीवरचा फलक काढला, बुटाखाली धरून मधोमध मोडला आणि लॉरी चालू केली.

क्लब दुभंगला. ग्रॅहम आणि काहीजण निघून गेले. सायमनने टायर परत मागितले. आम्ही काढून पाठवून दिले, आणि फोडन कितीतरी दिवस लाकडी ठोकळ्यांवर उभी राहिली.

त्यानंतर सिरिल मला घेऊन प्रेस्टनला ऑड्रीकडे गेला, वृद्धाश्रमात. त्याला वाटत होतं ती खूश होईल. तिने सगळं ऐकून घेतलं. मग कप इतक्या जोराने ठेवला की चहा सांडला.

"फलक मोडलास? बरं केलंस. मी त्या वर्षापासून लोकांच्या फरशा पुसल्या, सिरिल. बाजारात बायका माझ्याकडे पाठ करायच्या. आणि त्या बर्टला आज तोंड फुटलं? इतकी वर्षं कुठे मेला होता?"

"त्याची पोरं लहान होती, ऑड्री."

"माझी नव्हती का?"

सिरिलने सांडलेला चहा रुमालाने पुसला. परतीच्या वाटेवर गाडी तोच चालवत होता. मध्येच स्टिअरिंगवर मूठ आपटून म्हणाला, "तिचं बरोबर आहे. च्यायला, अगदी बरोबर आहे."