कापूस वेचून होऊ द्या

आमची सून स्कूटीवर पोरांना शाळेत ड्रॉप करते, मला दवाखान्यातून पिकअप करते. शब्द इंग्रजी, पण मला लई गोड लागतात. आमच्या वेळी कोणी घ्यायला आलं तरी जायला मिळेलच, असं कुठं होतं?

काल ती संत्रं सोलत होती, आणि त्या वासानं मी थेट लोधीखेड्याजवळच्या सासरी पोचले. पहिली दिवाळी होती. माय आजारी, म्हणून बाबा बैलगाडी घेऊन मला न्यायला आलेले. मी नवं लुगडं नेसून, पेटी घेऊन दारामागे उभी. ओट्यावर माझे भासरे, नवऱ्याचे मोठे भाऊ, संत्रं सोलत बसले होते. वर न पाहताच बाबांना म्हणाले, "मामाजी, कापूस वेचून होऊ द्या, मग पाहू."

बाबांनी पाणीही घेतलं नाही. रिकामी गाडी वळली. तेव्हा मला बाबांचाच राग आला, भांडले का नाहीत म्हणून. आज कळतं, पोरीच्या बापाला तिथं आवाजच नव्हता. संक्रांतीआधी माय गेली. तेव्हा मात्र मला कोणी अडवलं नाही.

काल हे सारं आठवत होते, तेवढ्यात फोन वाजला. भासरेच, पांढुर्ण्याच्या बसस्टँडवरून. "अवं, गुडघे दुखून राहिले. सुनेले पाठवतं का घ्याले?"

सून चावी घेऊन उठली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"पाठवतो न भाऊजी," मी म्हटलं, "कापूस वेचून होऊ द्या."

आमच्या घरी आता कापूस पिकतच नाही. फोन ठेवला. मी संत्र्याची फोड तोंडात टाकली. गोड होती.