गोलकीपरचे मोजे
जुनी किटबॅग माळ्यावरून खाली काढली की रबराचा कुबट वास येतो आणि मला वणीचं ते मैदान आठवतं. फुटबॉल लीगचा शेवटचा दिवस होता. सकाळी मुलींची फायनल, दुपारी आमची. कोळशाच्या ट्रकांची धूळ बसून चुन्याच्या रेघा पार काळ्या पडल्या होत्या. आमच्याच गावच्या मुलींची गोलकीपर माझ्याकडे आली. "दादा, तुमचे मोजे देता का जी? मॅच झाली का वापस देतो." अख्ख्या गावात गोलकीपरचे हातमोजे माझ्या एकट्याकडेच होते, नवेकोरे. मी म्हणालो, "नाही व, खराब होतील. मले दुपारी खेळाचं हाये." ती उघड्या हातांनी खेळली, पेनल्टीसुद्धा अडवली आणि मुली जिंकल्या. मोठ्या मनानं मी हात पुढे केला. तिनं लांबूनच हात जोडले, "जय भीम, दादा." सगळ्यांसमोर मी हसलो, "एवढा राग? हात बी नाही मिळवत?" तिनं तळवे उघडून दाखवले. त्या साली कापसाला भाव नव्हता, मजूर लावणं परवडत नव्हतं. आठवडाभर ती घरचा कापूस वेचत होती. बोंडांच्या वाळक्या टोकांनी चिरलेली बोटं बॉल अडवताना पुन्हा उकलली होती. "राग नाही जी," ती म्हणाली, "मोजे खराब होतील तुमचे." तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, दुपारच्या मॅचच्या सरावासाठी चढवलेला मोजा न काढताच मी हात पुढे केला होता. मोजे अजून आहेत. रक्ताचा एक डाग नाही त्यांच्यावर.