साडूंची पकड

जगातली निम्मी दुःखं चाकात हवा कमी असल्यामुळे होतात आणि उरलेली निम्मी ती जास्त असल्यामुळे, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. एकोणीसशे सत्तरनंतरची ती वर्षं. सात रस्त्याच्या चौकात उभं राहिलं तर तासाभरात जाणाऱ्या खाजगी मोटारी सहज मोजता येत, आणि त्यांतल्या प्रत्येकीच्या टायरबद्दल आमच्या साडूंचं मत तयार असे. ते बहुधा वाईट असे. साडूंचं सोलापुरात चादरींचं दुकान होतं, पण चादरीबद्दल बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून मी त्यांना अण्णा म्हणे. मी शाळेत भूगोल शिकवायचो म्हणून ते मला मास्तर म्हणत. त्या 'मास्तर'मध्ये थोडी कीव असे, कारण माझ्याकडे सायकल होती.

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, अण्णा हवा मोजायची पितळी नळी लावत. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते दिसेनात, म्हणून मी बाहेर गेलो, तर नवरदेवाच्या फुलांनी मढवलेल्या गाडीपाशी उकिडवे बसून ते हवा सोडत होते. "पुढच्या चाकांत लई हवा कोंबलीय, मास्तर. वळणावर गाडीचं नाक ऐकायचं नाही!" चारही चाकं त्यांनी इतकी समजूतदार करून ठेवली की वरातीच्या वेळी गाडी जागची हलेना. नवरी टांग्यातून सासरी गेली. "पण सुखरूप पोचली की नाही?" असं अण्णांनी वर विचारलं. शाळेतले खडू ते माझ्याकडून मागून नेत आणि टायरच्या कडेवर रेघा ओढत. मग घरामागच्या वळणावर गाडी जोरात फिरवून आणत आणि गुडघे टेकून रेघ कुठपर्यंत पुसली ते बघत. जास्त पुसली म्हणजे टायर वळणावर कुशीवर लोळतोय, त्याला हवा हवी. शेजारणींना वाटलं, अण्णांनी कसलं तरी व्रत धरलंय. एकीनं तर मागच्या चाकाला हळदकुंकू वाहिलं.

पंगतीत त्यांच्या शेजारी बसायला माणसं भीत. ते गुळाचा खडा उचलून सांगत, "टायरची पकड म्हणजे हा एवढा गूळ. निम्मा ब्रेकनं खाल्ला, तर वळायला निम्माच राहिला की! म्हणून आधी थांबवा, मग वळवा. दोन्ही एकदम कराल तर मराल." आणि आमटीच्या वाटीला ताटाभोवती वळसे देत ते हे सिद्ध करून दाखवत. वाटी शेजाऱ्याच्या धोतरावर थांबे. अक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, पंधरा वर्षांत या सगळ्यावर एक अक्षरही काढलं नव्हतं. विषय टायरवर आला की त्या अण्णांच्या ताटात आणखी एक भाकरी वाढत. मला तो उपाय फार हुशारीचा वाटे. तोंड भरलं की पाच मिनिटं शांततेत जात.

पेट्रोलचे भाव भडकले होते त्याच सुमारास बार्शीच्या पाचसहा हौशी मंडळींनी मोटारींची शर्यत काढली. धान्य बाजारामागच्या मोकळ्या मैदानात फक्कीचे पट्टे ओढले होते आणि वळणावळणावर रॉकेलचे रिकामे डबे मांडले होते. एकेका गाडीनं डब्यांमधून वाकडंतिकडं फिरून यायचं, घड्याळ लावून. डबा पडला की पाच सेकंद दंड. आम्ही चौघं, दोन साडू आणि दोन बहिणी, अण्णांच्या अँबॅसडरमधून गेलो. पोचल्यावर अण्णांनी सगळ्यांच्या टायरना अंगठे लावून पाहिले आणि कुणी न विचारता निकाल दिले. एक म्हातारे ट्रकमालक जुनी जीप घेऊन आले होते. तिचे टायर पपईसारखे गुळगुळीत. "चाचा," अण्णा म्हणाले, "या टायरवर तुम्ही वळणार नाही. सरळ जेऊरला जाल." चाचा नुसते हसले. मग वरातीत निघाल्यासारखी जीप हाकत, एकाही डब्याला न शिवता, ते परत आले.

अण्णा सुटले ते बंदुकीतून सुटल्यासारखे. पहिल्याच वळणावर ब्रेक आणि स्टेअरिंग त्यांनी एकदम वापरलं. जी गोष्ट करू नका म्हणून आमच्यापुढं पंधरा वर्षं गूळ नाचवला, नेमकी तीच. गाडीचं नाक कुणाचंच ऐकेना. सरळ गेली. मी मोजले: अकरा डबे. अकरावा खाली अडकून खडखडत शेवटापर्यंत आला आणि घड्याळवाले गृहस्थ टेबल सोडून पळाले. चाचा जवळ येऊन म्हणाले, "सेठ, डब्बे जमा करने कू आए थे क्या?" मैदान हसलं. मीही हसलो, जरा जास्तच. अण्णांनी बार्शीच्या मातीला दोष दिला. नेमकी त्या दिवशी अक्कांच्या हाताशी भाकरी नव्हती.

परतताना उन्हं कलली होती. मध्येच एक अवकाळी सर येऊन गेली. शेतातून चढणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी डांबरावर काळी माती आणून टाकली होती, ती भिजून साबणासारखी झाली होती. "चूक कुठं झाली ते सांगतो, मास्तर," अण्णा मला समजावत होते, आणि वळणाच्या पलीकडे, पुलाच्या तोंडाशी, कडब्यानं भरलेली बैलगाडी आडवी उभी होती.

माझी बायको किंचाळली. गाडीचं शेपूट पुढं आलं. मला शेत दिसलं, पुलाचा कठडा दिसला, बैलाची शिंगं अगदी काचेपाशी दिसली, पुन्हा शेत दिसलं. मग सगळं थांबलं. गाडीचं तोंड बार्शीकडं होतं. इंजिन बंद पडलं होतं आणि अक्कांच्या खिडकीवर बैलाचा श्वास धुकं धरत होता.

गाडीवान खाली उतरून म्हणाला, "लई झ्याक फिरवली की वो मोटार! माज्या बैलाला धक्का बी न्हाय. सर्कशीत हाय का तुमी?"

अक्कांनी मागून अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं मला वाटायचं, हे नुसतं बोलणं आहे," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

अण्णा दार उघडून उतरले आणि कडब्याच्या आडोशाला गेले. मी मागून गेलो. ते वाकून उभे होते.

"मास्तर, मी काही केलं नाही."

"म्हणजे?"

"डोळे मिटले हो मी. स्टेअरिंग सोडून दिलं, शिवा शिवा म्हटलं. गाडी आपली आपण फिरली, आपली आपण थांबली." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. असं ते माझ्याकडं कधी पाहत नसत. "तिला सांगू का? तुम्ही म्हणाल तसं."

अण्णांचे किस्से सांगून मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत बरीच वर्षं भाव खाल्ला होता, आणि त्या सगळ्यांहून झकास किस्सा अण्णा स्वतःच माझ्या हातात देत होते. मी मागं पाहिलं. अक्का गाडीवानाला तांब्यातून पाणी देत होत्या आणि सांगत होत्या, "आमच्या मालकांना यातलं सगळं कळतं." पंधरा वर्षं गप्प राहिलेली बाई घडाघडा बोलत होती.

"अण्णा," मी म्हणालो, "चला, उशीर होतोय."

त्यानंतर अण्णा कुठल्या शर्यतीला गेले नाहीत. पंगतीत गूळ मुकाट्यानं खाऊ लागले. अक्का मात्र प्रत्येक लग्नाकार्यात बार्शी रस्त्याची हकीकत सांगत. ती सुरू झाली की अण्णा काहीतरी काम काढून बाहेर जात. लोक म्हणत, बघा, एवढं करून किती विनय.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा अक्कांकडं गेलो, तर त्यांनी नव्या नातसुनेला तीच हकीकत ऐकवली. मुलीनं डोळे मोठे करून विचारलं, "एका हातानं फिरवली म्हणे गाडी?"

अक्कांना नक्की आठवेना. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"दोन्ही हातांनी," मी म्हणालो. "मी शेजारीच होतो."