केस मिटल्यानंतरचा हात

त्या निनावी पत्रांचं प्रकरण मी विसरलेले नाही. बहात्तरच्या दुष्काळाआधीचा गळीत हंगाम होता. मी बेलापूरकडच्या एका ठाण्यात जमादार होते. महिन्यात तीन पत्रं आली, मजकूर एकच: साखर कारखान्यात ऊस ओढणाऱ्या गव्हाणीच्या साखळीत हात चिरडलेला अमुक कामगार ठणठणीत आहे, खोटं सांगून भरपाई घेतली, येऊन हात तपासा.

निनावी पत्रामागे बहुधा भाऊबंद असतो. कामगाराचा चुलतभाऊ त्याच्याशी बांधावरून भांडत होता. त्याला ठाण्यात बसवलं.

"बाई, मी अंगठेबहाद्दर. लिवता आलं असतं तर तलाठी नसतो का झालो?"

शेजाऱ्यांनीही तेच सांगितलं. त्याला सोडलं आणि कामगाराच्या घरी गेले. बायकोने घोंगडी टाकली.

"केस चालू हुती तवर डाक्टर, वकील, साहेब, समदे हात बघाया यायचे. निकाल लागला, आता कुत्रं बी फिरकत न्हाई. तुमी तरी आल्या."

कामगाराच्या उजव्या हाताला जुनेर गुंडाळलेलं होतं. मी जबाब लिहून सहीसाठी पुढे केला. त्याने डाव्या हाताने सही केली. ओल्या शाईवरून हात घासला आणि अक्षरं उजवीकडे फरफटली. तिन्ही पत्रं अशीच फरफटलेली होती. मी ती त्याच्यासमोर मांडली.

"स्वतःविरुद्ध खोटी तक्रार?"

"कारखान्याच्या दवाखान्यात गेल्तो. म्हनले, तुझी केस मिटली. खरं लिवलं असतं तर तुमी आला असता का?"

मी त्याच्या हाताचं जुनेर सोडलं. पू, वास, कोपरापर्यंत सूज.

ठाण्यावर फौजदार म्हणाले, "खोट्या तक्रारीचा गुन्हा लावा."

"लावू, साहेब. माणूस कुठे पळत नाही. हात मात्र जाईल."

मी नगरच्या सिव्हिल हॉस्पिटलला यादी लिहिली. पोलिसांचं हे पत्र सोबत असलं की जखमीला सहसा परत पाठवत नाहीत. त्याला जीपमध्ये घातलं. त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. आत हाडाची कपची राहिली होती. दोन बोटं काढावी लागली, हात वाचला. फौजदारांनी पुढे तंबी देऊन प्रकरण संपवलं.

तेव्हापासून अपघाताचे कागद दप्तरी दाखल करण्याआधी मी एकदा त्या घरी जाऊन येई. झोप लागते का? घास स्वतःच्या हाताने खाता येतो का? छापील नमुन्यात असले रकाने नव्हते. उत्तरं मी समासात लिहीत असे, आणि वाईट असली तर सिव्हिलला आणखी एक यादी.